माळ्यावरचा कॅमेरा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतात, त्यात हल्ली एक काळी पिशवी हमखास असते. आत २००९-१० च्या सुमारास घेतलेला डीएसएलआर. घरात बाळ आलं तेव्हा हौसेनं घेतलेला. बारसं, जावळ, पहिला वाढदिवस एवढं त्यानं टिपलं. मग फोनचा कॅमेरा बरा निघू लागला आणि पिशवी वर गेली, कार्ड आत तसंच ठेवून. आणखी खणलं तर वडिलांचा याशिका निघतो, कधी आजोबांचा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनणारा हा साधा डबा एका रोलवर फक्त बारा चौकोनी फोटो द्यायचा. पण बीड, गेवराई, माजलगावकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर टांगलेले आजी-आजोबा अशाच कुठल्यातरी डब्यातून उतरलेले आहेत.

पिशवीची चेन उघडताना मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की याचा आता काही उपयोग आहे का? दुसरा येतो पैशाचा. आजच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याची किंमत ऐकली तर वर्षाच्या सोयाबीनचा हिशोब डोळ्यांपुढे येतो. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. जुना कॅमेरा चालतो, फक्त तो कुठे कमी पडतो हे नीट माहीत हवं आणि थोडे पैसे योग्य क्रमानं खर्च करायला हवेत. बहुतेकांचा हा क्रम चुकतो. आधी कॅमेऱ्याची बॉडी घेतली जाते, मग लेन्सला पैसे उरत नाहीत, आणि छापील फोटोपर्यंत तर कुणी पोचतच नाही.

मेगापिक्सेलचा हिशोब

डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवात १९७५ साली कोडॅकमध्ये झाली. स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं बनवलेला पहिला नमुना साडेतीन किलोहून जड होता, एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत आणि त्याची क्षमता होती ०.०१ मेगापिक्सेल. तिथून २००६ च्या निकॉन डी४० पर्यंत येताना ती सहा मेगापिक्सेल झाली, २००८ च्या डी९० मध्ये बारा, आणि २०१२ च्या डी३२०० मध्ये चोवीस.

सहा मेगापिक्सेल म्हणजे किती? डी४० चा फोटो ३००८ बाय २००० ठिपक्यांचा असतो. स्टुडिओत बारा बाय आठ इंचांचा फोटो छापला तर दर इंचाला २५० ठिपके मिळतात. हातात धरून पाहायला एवढे भरपूर होतात. टीव्हीचा फुल एचडी पडदा जेमतेम दोन मेगापिक्सेलचा असतो. नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तर लांब बाजूला साधारण १६०० ठिपक्यांवर आणून आवळला जातो. म्हणजे चोवीस मेगापिक्सेलचा फोटो काढून तो कुटुंबाच्या ग्रुपवरच टाकायचा असेल, तर पोतंभर ज्वारी दळून एक भाकरी थापल्यासारखं आहे.

फोनशी तुलना करताना मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचं क्षेत्रफळ पाहावं. मध्यम किमतीच्या फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर पन्नास चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. डी९० चा सेन्सर सुमारे ३७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे सातपटीनं मोठा. पत्र्यावर पावसाचं पाणी धरायचं तर पत्रा जेवढा रुंद तेवढं पाणी जास्त, उजेडाचंही तसंच. फोन ही उणीव हिकमतीनं भरून काढतो. एका क्षणात अनेक फोटो घेऊन तो त्यांचा एक करतो. रात्रीच्या फोटोत त्यामुळे तो जुन्या डीएसएलआरला मागे टाकू शकतो, हे मान्य करायला हवं. पण धावणारं पोर, उडालेलं पाखरू, चेहऱ्यामागची खरीखुरी धूसर पार्श्वभूमी, यांत मोठा सेन्सर आणि मोठी काच अजूनही सरस ठरतात.

जुना कॅमेरा खरोखर मागे पडतो तो तीन ठिकाणी. आयएसओ, म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता, वाढवला की दाणे लवकर दिसतात. डी४० वर ८०० च्या पुढे जपून जावं. व्हिडिओ एकतर नसतो किंवा नावापुरता असतो. आणि अतिउजळ भाग एकदा पांढरा फटक पडला की त्यातून काही परत मिळत नाही. पहिल्या अडचणीवर फुकटचा इलाज आहे. फोटो रॉ फाइलमध्ये काढावा आणि संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावा. रॉ म्हणजे सेन्सरनं टिपलेला कच्चा माल. तो जुना असला तरी दाणे कमी करण्याच्या आजच्या युक्त्या त्याला लागू पडतात. त्यामुळे २००९ सालची रॉ फाइल आज २००९ पेक्षा चांगली निघते.

माउंट म्हणजे सोयरीक

बॉडी आणि लेन्स जिथे जोडतात त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात. इथे एकदा सोयरीक जमली की पुढची खरेदी तिच्यावरच ठरते. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, पेंटॅक्सचा के माउंट १९७५ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. मिनोल्टानं १९८५ मध्ये आणलेला ऑटोफोकस माउंट २००६ साली सोनीकडे गेला, म्हणून वडिलांची मिनोल्टा ऑटोफोकस लेन्स सोनीच्या जुन्या डीएसएलआरवर बसते. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनी नवे मिररलेस माउंट आणले. लग्नसराईत राबणारे फोटोग्राफर हळूहळू तिकडे वळले आणि त्यांचं जुनं सामान बाजारात आलं. आपल्यासारख्यांच्या पथ्यावर पडलं ते हेच.

सोयरिकीत एक मेख असते. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते. ती बॉडीत असावी लागते. डी५०, डी७०, डी८०, डी९० आणि डी७००० मध्ये ती आहे. डी४०, डी६०, तसंच डी३००० आणि डी५००० मालिकेत नाही. मोटर नसलेल्या बॉडीवर अशी लेन्स चढवली तर फोकस हातानंच करावा लागतो. १९७७ च्या आधीच्या निकॉन लेन्स काही बॉडींचं नुकसानही करू शकतात, त्या विचारल्याशिवाय चढवू नयेत. कॅननमध्ये १९८७ नंतरची कुठलीही ईएफ लेन्स कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर चालते, पण त्याआधीची एफडी लेन्स बसत नाही. ती लेन्स आणि झेनिटसारख्या रशियन कॅमेऱ्यांची ४२ मिलिमीटर आट्यांची लेन्स मिररलेस बॉडीवर स्वस्त अडॅप्टरनं मजेत चालते. माळ्यावर अशा लेन्स निघाल्या, तर आठ-दहा वर्षांपूर्वीची साधी मिररलेस बॉडी शोधणं शहाणपणाचं.

पैसे कुठे घालावेत

घरात चालू बॉडी असेल तर दुसरी घेऊच नये. पहिला खर्च करावा तो एका उजळ लेन्सवर. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ पर्यंत बारीक होतं. ५० मिलिमीटर एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांची सर्वांत स्वस्त लेन्स, आणि तिच्यातून किट लेन्सच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. हा आकडा ५.६ ला १.८ नं भागून आलेल्या उत्तराचा वर्ग केला की मिळतो. फरक कसा दिसतो? स्वयंपाकघरात चुलीजवळ बसलेल्या आजीचा फोटो किट लेन्सवर १/१० सेकंदात येत असेल, तर हात हलून तो पुसट होणार. तेवढ्याच आयएसओवर ५० ची लेन्स तो १/१०० सेकंदात घेते. बॉडी बदलून एवढी मजल मारायला फार पैसे मोजावे लागतात. डी४० सारख्या मोटर नसलेल्या निकॉनला मात्र २००९ ची ३५ मिलिमीटर एफ १.८ ही मोटरवाली लेन्स बघावी.

बॉडी सेकंडहँड घ्यायचीच असेल तर दिवसा, उन्हात, स्वतःचं कार्ड घेऊन जावं आणि दहा मिनिटं मागून घ्यावीत. आधी फोटो काढून त्याच्या फाइलमधला शटर काउंट पाहावा. निकॉनमध्ये तो सहज वाचता येतो. डी९० चं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. लग्नात चाललेला कॅमेरा एका हंगामात हजारो फोटो काढतो, त्यामुळे बाहेरून चकाचक दिसला तरी आतून थकलेला असू शकतो. मग छिद्र एफ १६ वर आणून निरभ्र आकाशाचा फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, दुधासारखी झाक दिसली तर धुकटपणा, आणि छिद्राच्या पात्यांवर चमक दिसली तर तेल. तिन्हींत लेन्स नको म्हणावी. बॅटरी फुगलेली नसावी आणि तिची नवी जोड मिळते का हे आधी विचारावं. कार्डाचंही पाहावं. डी५० सारखे जुने कॅमेरे दोन जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाहीत, डी७० ला तर जाड कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं. रोलच्या काळातला जुना फ्लॅश डिजिटल बॉडीवर लावू नये. काहींचा व्होल्टेज इतका जास्त असतो की आतलं सर्किट जळतं.

धूळ, बुरशी आणि खजाना विहीर

बीड पर्जन्यछायेतला जिल्हा. वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. कोकणातल्या कॅमेऱ्याचा शत्रू ओल. आपल्याकडचा शत्रू धूळ. फाल्गुन-चैत्रात वारं सुटलं की ती कुठेही शिरते. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करावा, वाऱ्याकडे पाठ करावी, बॉडीचं तोंड खाली धरावं आणि दोन्ही लेन्सची अदलाबदल पटकन उरकावी. काचेवर तोंडानं फुंकर मारू नये, थुंकीचे थेंब बसतात. रबरी ब्लोअर थोडक्या पैशात मिळतो, तोच वापरावा. धूळ आधी उडवायची आणि मगच पुसायची, नाहीतर वाळूनं काच घासल्यासारखं होतं.

पावसाळ्याचे तीन महिने मात्र बुरशीचे. हवेतली आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांवर राहिली की बुरशी लेन्समध्ये घर करते आणि तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं. जुनी चामडी पेटी दिसायला देखणी, पण ओल धरून ठेवते. कॅमेरा तिच्यात ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यानं काम भागतं. तांदळात कॅमेरा पुरण्याचा उपाय करू नये, त्याची पूड आत जाते. बुरशी मरावी म्हणून लेन्स उन्हात ठेवताना तिचं तोंड थेट सूर्याकडे करू नये; ती भिंगासारखी काम करते आणि मागचं कापड पेटवू शकते.

सगळ्यांत चांगला इलाज म्हणजे कॅमेरा वापरत राहणं. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात बांधली गेली. जमिनीखालच्या चरांतून तिचं पाणी उताराच्या बळावर दूरच्या शेतांपर्यंत जाई. मोट नाही, पंप नाही. तिला कुणी नवं यंत्र बसवून जगवलेलं नाही. चर मोकळे राहिले तर ती वाहते, गाळ बसला तर तुंबते. माळ्यावरच्या कॅमेऱ्याचंही असंच होतं. न वापरलेल्या लेन्सचं वंगण घट्ट होतं, शटर आळसावतं, बॅटरी खोल उतरून मरते. महिन्यातून एकदा बाहेर काढून पन्नास फोटो काढले तरी अर्धा गाळ निघतो.

रोल परत आणावा का?

वडिलांचा याशिका हातात आला की रोल घालण्याचा मोह होतोच. पण स्वस्तात परतायचं असेल तर रोल हा स्वस्त मार्ग उरलेला नाही, हे आधी समजून घ्यावं. १९६० साली उटीला स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावानं देशी फिल्म काढायची. ती आता बंद आहे. कोडॅकची कोडाक्रोम २००९ मध्ये थांबली. कारखान्यातून निघालेला तिचा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांना मिळाला आणि त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात काढले. आज मिळणारा रोल आयात होतो, धुवायला बहुधा मोठ्या शहरात पाठवावा लागतो, आणि छत्तीस फोटोंचा एकूण खर्च ऐकून पुढचा रोल घालायला हात धजत नाही. रंगीत रोल घरी धुणंही सोपं नाही. डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसवर नेमका ठेवून सव्वातीन मिनिटं सांभाळावी लागतात. कृष्णधवल रोल तुलनेनं मायाळू, तापमानाची थोडी चूक पोटात घालतो. शिवाय जुन्या कॅमेऱ्यांच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्यानं प्रकाशमापक चुकीचं सांगू शकतो.

रोलकडून घ्यायची ती त्याची शिस्त. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ काचेच्या प्लेटवर फोटो काढत. प्रत्येक प्लेट म्हणजे वजन, रसायन आणि पैसा, त्यामुळे कॅमेरा कुठे उभा करायचा हे आधी डोक्यात ठरे. आपण जुना डीएसएलआर घेऊन निघताना स्वतःला छत्तीस फोटोंची मर्यादा घालून घ्यावी. मागचा पडदा बंद ठेवावा. उन्हाचा जुना नियमही वापरून पाहावा. कडक उन्हात एफ १६ ठेवा आणि आयएसओ जेवढा, शटर सेकंदाचा तितकावा भाग. आयएसओ २०० असेल तर १/२००. मापकाशिवाय उजेडाचा अंदाज घ्यायला यातून डोळा तयार होतो. आणि बीडच्या चैत्रात या नियमाला उन्हाची वाण पडत नाही.

जिल्हा हीच शाळा

सरावाला लांब जायची गरज नाही. बीड शहरातलं कंकालेश्वराचं देऊळ कुंडाच्या मधोमध उभं आहे. सकाळी वारा पडलेला असताना दगडाचं प्रतिबिंब पाण्यात स्थिर दिसतं. इथे प्रकाशमापकाची एक खोड कळते. समोर येईल ते मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. काळ्या दगडानं चौकट भरली की तो फोटो उगाच उजळवतो आणि काळा पाषाण राखाडी होतो. वर आकाश असेल तर ते पांढरं फटक पडतं. एक्स्पोजर कम्पेन्सेशन उणे ०.७ किंवा उणे १ वर न्यावं, दगड पुन्हा काळा होतो आणि आकाश वाचतं. जुन्या सेन्सरची ती तिसरी कमजोरी इथेच सांभाळता येते.

टेकडीवरच्या खंडोबाच्या देवळासमोर दोन उंच दीपमाळा आहेत. कॅमेरा वर तिरका केला की त्या मागे कलंडल्यासारख्या दिसतात. चार पावलं मागे जाऊन कॅमेरा सरळ धरला की ताठ उभ्या राहतात. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी दरीत कोसळते. तिथे आयएसओ सर्वांत खाली, छिद्र एफ १६ आणि शटर पाव सेकंद ठेवलं तर पाण्याचा धागा होतो. ट्रायपॉड नसेल तर धान्यानं भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. त्याच तालुक्यात १९९४ साली घोषित झालेलं नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथे ५० ची लेन्स कामाची नाही. पण जुनी ७०-३०० झूम सेकंडहँड मिळते आणि रोलच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरमुळे निकॉनवर ती ४५० मिलिमीटरइतकी ओढ देते. मोर नाचतो तो पावसाळ्याच्या तोंडाला, त्या वेळी ढगाळ उजेडात शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नये.

आणि दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली गावं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर भांडीकुंडी, बिऱ्हाड, लेकरं, कडेला उभी म्हातारी माणसं. फोटोसाठी याहून जवळचा आणि याहून अवघड विषय इथे दुसरा नाही. लांबून मोठ्या लेन्सनं चोरून टिपू नये. ५० ची लेन्स चांगली ती यासाठीही, की तिच्यासाठी जवळ जावं लागतं, बोलावं लागतं, ‘काढू का?’ म्हणून विचारावं लागतं. आणि विचारलं की फोटो देण्याचं ऋण अंगावर येतं. काही महिन्यांनी पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परत येतील तेव्हा छापील फोटो त्यांच्या हातात द्यावा. फोनमधले फोटो फोन बदलला की जातात. कागद देव्हाऱ्याशेजारी टिकतो.

म्हणून पैशाच्या क्रमात छपाई शेवटी ठेवू नये. शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत सहा बाय चारची एक प्रत काही रुपयांत निघते. महिन्याला दहा फोटो निवडून छापायचे असं ठरवलं तरी वर्षाच्या शेवटी एक अल्बम उभा राहतो, आणि दहाच निवडायचे म्हटल्यावर आपल्या फोटोंत काय चुकतंय हेही कळू लागतं.

सुरुवात करायला तर नवा फोटो काढायचीही गरज नाही. ती काळी पिशवी खाली घ्या, बॅटरी चार्जिंगला लावा, कार्ड संगणकात घाला. बारशाचे फोटो त्यात असतील. पाळण्याची दोरी धरलेली आत्या असेल, मागे पदर सावरत उभी आजी असेल, कदाचित आता नसलेली. पंधरा वर्षांत ते कुणी छापलेले नाहीत. पहिले दहा तेच छापा.